फुंकणीत राहिलेला कापूस

आमच्या कारंज्यात संपत मिस्त्रींबद्दल एक गोष्ट सांगितली जाते, आणि ती खोटी आहे. गोष्ट अशी, की जिनिंगवाल्या विनायकरावांची लाल परदेशी गाडी संपत मिस्त्रींनी डोळ्यांना दिसत नसताना उघडली, इंजिनात कापसाचा बोळा विसरले, गाडी मंगरूळपीरच्या रस्त्यावर जाम झाली आणि शेवटी बैल जुंपून ती परत आणावी लागली. ही गोष्ट मी बसस्थानकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर ऐकली आहे, लग्नांच्या पंगतीत ऐकली आहे, आणि अलीकडे एका सत्काराच्या कार्यक्रमात अशा वक्त्याच्या तोंडून ऐकली आहे, ज्याचा त्या काळी जन्मही झालेला नव्हता. संपत मिस्त्री माझे वडील. मी त्या अंगणात हजर होतो, आणि तो बोळा ज्या हाताने बाहेर काढला तो हात माझा होता. बैल त्या गाडीला कधीही जुंपले गेले नाहीत. बैल जुंपले होते ते विनायकरावांच्या चुलत्यांच्या जीपला, आणि तेही तिच्यातले डिझेल संपले म्हणून. गोष्टीत उरलेले जे खरे आणि खोटे एकमेकांत कालवले गेले आहे, ते निवडून वेगळे करण्यासाठी हे प्रकरण लिहितो आहे.

आमचे घर आणि आमचे गॅरेज यांच्यामध्ये भिंत नव्हती. मंगरूळपीरच्या रस्त्याला लागून टिनाचे एक मोठे छप्पर, त्याच्या पाठीशी दोन खोल्या, आणि दोहोंच्या मध्ये अंगण. अंगणाच्या एका कडेला मायची चूल आणि दुसऱ्या कडेला बाबांची ऐरण. कोणत्या वासाचे राज्य कुठे संपते हे सांगता येत नसे. भाकरीला कधी रॉकेलचा वास येई आणि उघड्या गिअरबॉक्सला कधी लसणाच्या फोडणीचा. कापसाच्या हंगामात पलीकडच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगची घरघर पहाटे सुरू होई आणि अंधार पडेपर्यंत ती आमच्या बोलण्याखालून वाहत राही. त्याच जिनिंगमध्ये रुळांना तेल घालायला म्हणून बाबा लहानपणी लागले, तिथल्या ऑइल इंजिनाशी त्यांची दोस्ती झाली आणि पुढे त्यांनी स्वतःचे छप्पर घातले. ते गरीब, अबोल, खाली मान घालून राबणारे कारागीर होते असे जे चित्र हल्ली रंगवले जाते, तेही मला मान्य नाही. बाबा मोठ्याने बोलत, मोठ्याने हसत, आणि अकोल्यापासून यवतमाळपर्यंत आपल्यासारखा मिस्त्री नाही हे रोज कोणाला ना कोणाला ऐकवत. विनायकरावांच्या घराण्याला सारे गाव ‘मालक’ म्हणे. बाबांनी आयुष्यात कोणालाच मालक म्हटले नाही. ते ‘विनायकराव’ म्हणत, विनायकराव त्यांना ‘मिस्त्री’ म्हणत, आणि दोघांनाही त्यात काही कमी-जास्त वाटत नसे.

संध्याकाळी माय दिवा लावून बुद्धवंदना म्हणायला बसे, तेव्हा बाबा हातातला पाना खाली ठेवत. इंजिन मात्र बंद करत नसत. ‘चालू दे त्याले, आता कोठं सुरात आलं,’ असे म्हणून तेही मायच्या मागे हात जोडून उभे राहत. मायच्या बारीक आवाजातले पाली शब्द आणि शेतकऱ्याच्या पंपाचे धडधडणारे इंजिन, हे दोन्ही मी इतकी वर्षे एकत्र ऐकले की आजही विहारात वंदना सुरू झाली की मला काहीतरी अपुरे वाटते. हे वाचून कोणाला अनादर वाटला तर वाटू द्यावा. वंदना झाली की बाबा चुलीतली राख आणि थोडे रॉकेल घेऊन कोपरापर्यंत हात घासत, आणि तरीही मायच्या कढी-गोळ्यांच्या ताटावर त्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटेच. माय तो ठसा रोज पुसे आणि रोज त्याबद्दल काहीतरी बोले. त्या बोलण्यात राग होता असे माझे थोरले बंधू म्हणतात. तो राग नव्हता. पण बंधूंच्या म्हणण्याकडे मी पुढे वळणारच आहे.

ती गाडी आमच्याकडे आली तेव्हाच जुनी होती. विनायकराव सूतगिरणीची यंत्रे शिकायला जर्मनीला गेले होते, आणि परत येताना तिकडे वापरलेली ही गाडी जहाजातून घेऊन आले. दोन दारांची, जमिनीला टेकलेली, उन्हाने लाल रंग उडून वाळल्या मिरचीसारखी झालेली. तिच्यात बसायला वाकावे लागे आणि उठायला कोणाचा तरी हात धरावा लागे. कामरगावच्या रस्त्यावर तिचे पोट घासे. पण सपाट रस्त्यावर विनायकरावांनी पाय दाबला की तिच्या पोटातून एक बारीक शीळ निघे, शीळ चढत जाई, आणि मग ती गाडी मागून कोणीतरी लाथ घातल्यासारखी पुढे सुटे. बाबांनी पहिल्यांदा ती शीळ ऐकली तेव्हा ते गाडीतून उतरून तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले. विनायकरावांनी सोबतचे जाड जर्मन पुस्तक उघडून टर्बोचे चित्र दाखवले आणि समजावून सांगितले. विनायकराव फार नीट शिकवत. बाबांना टर्बो कळला तो त्यांच्यामुळे, हे बाबा स्वतः सांगत, म्हणून मीही सांगतो.

त्या रात्री जेवताना बाबांनी ते मायला सांगितले. ‘चुलीतून धूर निंघते ना, त्याच्या तोंडापुढं एक भिंगरी ठेवली. धुरानं भिंगरी फिरते. तिच्याच दांड्यावर पल्याड दुसरी भिंगरी, थे बाहेरची हवा ओढून चुलीत कोंबते. म्हंजे चुलीचाच धूर चुलीले फुंकते.’

मायने तव्यावरची भाकर उलटली. ‘मंग माह्या चुलीले काहून नाई बसवली थे? लगन झाल्यापासून मी फुंकून राह्यली.’

त्या दिवसापासून टर्बोला आमच्या घरी ‘फुंकणी’ हे नाव पडले, आणि पुढे विनायकरावही तेच म्हणू लागले. आज भाजी वाहणाऱ्या टेम्पोतही टर्बो असतो आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. त्या काळी आमच्या तालुक्यात ती एकच फुंकणी होती, आणि ती बाबांच्या हाताखाली होती.

इथे आणखी एका खोट्याचा समाचार घेतो. विनायकरावांच्या पुतण्याने त्यांच्या घराण्याच्या स्मरणिकेत लिहिले आहे, की या गाडीची देखभाल नागपूरचे तज्ज्ञ करत. नागपूरचे तज्ज्ञ एकदा आले होते, हे खरे आहे. त्यांनी बॉनेट उघडले, फुंकणीकडे पाहिले, मग एकमेकांकडे पाहिले, रोडगे खाल्ले आणि गेले. मायच्या वांग्याच्या भाजीबद्दल त्यांचे मत फार चांगले होते. देखभाल बाबा करत, आणि आयटीआय करून आल्यावर मी त्यांच्याबरोबर करत असे. पावसाळा सरला की दिवाळीच्या आधी एक संपूर्ण दिवस त्या गाडीसाठी राखलेला असे. त्या दिवशी माय अंगणातच गोवऱ्यांच्या आरात रोडगे लावी, कारण विनायकराव सकाळी गाडी घेऊन येत आणि काम संपेपर्यंत हलत नसत. आल्याआल्या गाडी बंद करायची त्यांना मनाई होती. फुंकणीचा दांडा भयंकर वेगाने फिरतो, तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, आणि धावून आलेली गाडी झटकन बंद केली की तेल थांबते, पण दांडा गरगरत राहतो. म्हणून मालकाने गाडीत बसूनच पहिला चहा प्यायचा आणि गाडी नुसती गुरगुरत ठेवायची. गावातले लोक म्हणत, मिस्त्री विनायकरावांना मुद्दाम ताटकळत ठेवतो. थोडे मुद्दामही असेल. बाबांना ते दृश्य आवडत असे.

मग गरम तेल खाली सोडायचे, तेलाचा फिल्टर बदलायचा, प्लग घासून त्यांच्या फटी मापायच्या, व्हॉल्व्हच्या फटीत पोलादी पाते सरकवून हाताला किती घट्ट लागते ते पाहायचे, हवेचा फिल्टर झटकायचा, पट्टा अंगठ्याने दाबायचा. शेवटी फुंकणीला तेल नेणारा बारीक पाइप काढायचा, कारण उष्णतेने त्यात तेल जळून काजळी धरते. तो साफ करायचा आणि तांब्याचे नवे वायसर घालून परत बसवायचा. विनायकराव पुस्तकातून एकेक ओळ मराठीत सांगत. बाबांना पटले तर ते मान डोलवत, नाही पटले तर पुस्तकाशी भांडत, आणि विनायकराव पुस्तकाची बाजू घेऊन बाबांशी भांडत. त्या दिवसांइतके आनंदी मी बाबांना दुसरे कधी पाहिलेले नाही.

आता कापसाचे सांगतो, कारण सगळा घोळ त्यातच आहे. दुसऱ्या गावांतल्या गॅरेजांत पुसायला चिंध्या वापरतात. कारंज्यात चिंध्या कोण विकत घेणार? जिनिंगच्या झाडणीची रुई पोत्यांनी मिळे, आणि प्रत्येक मिस्त्रीच्या छपराखाली तिचे एक पोते असे. हात रुईने पुसायचे, इंजिन रुईने पुसायचे, आणि एखादा पाइप काढला की त्याच्या उघड्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून रुईचा बोळा कोंबायचा. हा आमच्या गावचा रिवाज, आणि या रिवाजाने गावातली कितीतरी इंजिने खाल्ली आहेत. रुई तेल पिते, काळी होते, आणि काळ्या लोखंडाच्या भोकात काळी रुई दिसत नाही. म्हणून बाबांनी स्वतःचा नियम केला होता. मायच्या गोधडीच्या रिळातला लाल दोरा घ्यायचा, बोळ्याला बांधायचा आणि त्याचे लांब शेपूट बाहेर लोंबत ठेवायचे. लाल दोरा लोंबतो आहे तोवर तिथे काही बसवायचे नाही. बोळा ओढला की दोऱ्यासकट बाहेर आला पाहिजे. आमच्या छपराखाली जमिनीवर लाल दोरा पडलेला दिसला, की बोळा निघाला असे समजायचे. कोणी तोंडाने विचारत नसे.

ज्या वर्षीची ही हकीकत, त्या वर्षी बाबांचे डोळे जायला लागले होते. ते कोणी बोलत नव्हते. व्हॉल्व्हचे पाते ते हाताच्या जाणिवेवर सरकवत, पण पात्यावरचा आकडा वाचायची वेळ आली की मला म्हणत, ‘मोठ्यानं वाच रे यशा, मले आयकू कमी येते.’ डोळ्यांचा दोष त्यांनी कानांवर ढकलला होता. त्यांचे कान इतके तल्लख होते, की दोन गल्ल्यांपलीकडून कोणाच्या ट्रॅक्टरचा कोणता सिलिंडर रुसला आहे ते सांगत. मायला ठाऊक होते. ती त्यांच्या ताटात मिरची नेहमी एकाच जागी ठेवू लागली होती. मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त माझे थोरले बंधू प्रभाकर यांना, कारण ते अमरावतीला एका सरकारी कार्यालयात नोकरीला होते आणि सणावाराला येत. दादा आमच्या घराण्यातला पहिला नोकरदार. माय त्याचा पांढरा शर्ट वेगळ्या बादलीत धुवायची. त्या खेपेला तो माझ्यासाठी नोकरी घेऊन आला होता. त्याच्या कार्यालयात जागा निघाली होती, साहेबांशी बोलणे झाले होते, आणि मला बरोबर घेऊनच परत जायचे असे ठरवून तो आला होता. हात काळे करायचे दिवस बाबांपर्यंत पुरे, असे तो मायला म्हणाला, आणि ते प्रेमानेच म्हणाला. मी गेलो तर बाबांच्या डोळ्यांबरोबर ते छप्परही जाणार होते. मी राहायचे तर बाबांना आधी कबूल करावे लागणार होते की त्यांना दिसत नाही, आणि ते त्यांच्याकडून होईल असे आम्हा कोणालाच वाटत नव्हते. बाबांना विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘विनायकरावची गाडी होऊ दे, मंग पाहू.’

गाडीच्या दिवशी सकाळपासून सगळे नेहमीसारखे चालले होते. विनायकरावांना दुपारी बहिणीला आणायला अकोल्याच्या स्टेशनवर जायचे होते, म्हणून ते थोडे घाईत होते, इतकाच फरक. त्यांच्या आईने गाडीसाठी नारळ आणि कुंकू दिले होते. ते एका पिशवीत घालून त्यांनी छपराच्या खांबाला अडकवले. तेल उतरले, फिल्टर निघाला, फुंकणीचा पाइप निघाला. पाइपच्या जागी बाबांनी बोळा घातला आणि लाल दोरा बाहेर सोडला. तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. वायसरांपैकी एक चिरलेला निघाला, म्हणून बाबांनी मला बाजारात पिटाळले. मी गेलो तेव्हा दादा खाटेवर बसून वर्तमानपत्र वाचत होता. माय त्याला म्हणाली, नुसता वाचून काय राह्यला, बापाले हात लाव जरा. दादाने बाह्या दुमडल्या आणि रुईचा मोठा गोळा घेऊन तो इंजिन पुसायला लागला. तो जे करील ते टापटीप करी. त्याच्या वहीतल्या रेघासुद्धा कधी समासाबाहेर गेल्या नाहीत.

मी परत आलो तेव्हा इंजिन चकाकत होते. मायची शिवणाची कैची मडगार्डवर होती आणि चाकापाशी लाल दोऱ्याचे शेपूट पडले होते. मी त्याचा अर्थ तोच लावला, जो आमच्या छपराखाली कोणीही लावला असता. बाबांनी वायसर घेतले, पाइप चाचपून जागेवर बसवला आणि आवळला. नवे तेल भरले.

पाइप काढून बसवला की लगेच इंजिन पेटवायचे नाही, हाही बाबांचा नियम होता. कॉइलची वायर काढून ठेवायची म्हणजे ठिणगी पडत नाही. फुंकणीच्या खालून तेल परत जाण्याची जी नळी असते ती सोडवायची, तिच्या तोंडाशी बोट धरायचे आणि गाडीला नुसता स्टार्टर मारायचा. तेल फुंकणीतून उतरून बोटावर आले म्हणजे दांडा भिजला. मग वायर लावायची. विनायकराव आत बसून किल्ली फिरवत होते, दादा कॉइलची वायर हातात धरून उभा होता, मी गाडीखाली थाळी धरून बसलो होतो आणि बाबांचे बोट नळीशी होते. स्टार्टर घुरघुरला. विनायकराव म्हणाले, तेलाच्या दाबाचा काटा वर आला. बाबांनी बोट नळीशी तसेच धरले. त्यांनी पुन्हा मारायला सांगितले. काटा पुन्हा वर आला.

‘बोट कोरडं हाय,’ बाबा म्हणाले.

दादा म्हणाला की काटा तेलाचाच आहे, काटा वर म्हणजे तेल आहे, आणि विनायकरावांना उशीर होतो आहे. तो वायर लावायला वाकला. माझे बंधू आजवर सांगतात की त्या क्षणी ते ‘थांबा’ म्हणाले. ते ‘थांबा’ म्हणाले नाहीत. वायर त्यांच्या हातात होती आणि हात पुढे गेला होता. थांबवले बाबांनी.

‘वायरीले हात लावजो नको, परभाकर. काटा इंजिनाचं सांगते. फुंकणीचं बोट सांगते.’

मग बाबा वर आले, त्यांनी पाना घेतला आणि नुकताच आवळलेला पाइप खोलायला गेले. पाना नटावर बसला नाही. पुन्हा गेला, पुन्हा बाजूच्या लोखंडावर आपटला. विनायकराव गाडीतून उतरले होते. माय चुलीपासून उठून उभी राहिली होती. छपरापाशी रोजची बसणारी दोन-चार माणसेही होती. बाबा तसेच ओणवे राहिले. मी त्यांच्या मानेकडे पाहत होतो. मग त्यांनी पाना माझ्यापुढे धरला, आणि ते ज्या आवाजात अकोला-यवतमाळच्या मिस्त्र्यांची हजेरी घेत, त्याच आवाजात बोलले.

‘यशा, तू खोल. मले दिसत नाई.’

मी पाइप खोलला. भोकाच्या आत, काठाच्याही खाली, काळा मऊ बोळा बसला होता. तारेचा आकडा करून मी तो ओढून काढला. सगळ्यांना बोळा दिसला. मला त्याच्या गाठीशी उरलेले लाल दोऱ्याचे खोड दिसले. ते तुटलेले नव्हते, सरळ कापलेले होते. मी ते मुठीत धरले आणि दादाकडे पाहिले. तो हातातल्या वायरीकडे पाहत होता. विनायकरावांनी, रागाने मुळीच नाही, विचारले की मिस्त्री, हे राहिले कसे?

‘माह्याच्यानं राह्यलं,’ बाबा म्हणाले. ‘डोये साथ देऊन नाई राह्यले आता.’

मी पाइप बसवला, नळीशी माझे बोट धरले, आणि तिसऱ्या घुरघुरीला माझे बोट तेलाने न्हाले. गाडी पेटली, शीळ घातली, नारळ फुटला, आणि विनायकराव वेळेत अकोल्याला पोहोचले. फुंकणीला ओरखडाही आला नव्हता. पुढे विनायकरावांनी ही हकीकत जिनिंगमध्ये सगळ्यांना सांगितली, ती बाबांच्या कौतुकाची म्हणून सांगितली: दुसरा कोणी असता तर काट्यावर विसंबून गाडी पेटवली असती आणि फुंकणी गेली असती. गावाने कौतुक गाळले आणि बोळा ठेवून घेतला. बैल नंतर कोणीतरी जोडले. मी विरोध केला की लोक म्हणत, अरे, मिस्त्री स्वतःच म्हणाले ना, माह्याच्यानं राह्यलं? यावर माझ्याकडे उत्तर होते आणि ते मी देऊ शकत नव्हतो. का, ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा अंघोळीला गेलेला असताना मी तो बोळा बाबांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी दोऱ्याच्या टोकावरून अंगठा फिरवला.

‘कैचीनं कापला,’ ते म्हणाले.

‘दादानं कापला.’

‘मले कालच समजलं. तू बोळा काढून गप उभा राह्यला ना, तवाच.’

‘मंग तुमी काहून बोलले नाई? अख्खं गाव तुमच्यावर हासून राह्यलं.’

बाबांनी बोळा बाजूला ठेवला. ‘हे पाह्य. या छपराखाली कोणाच्याबी हातून बिघडलं, तं थे मिस्त्रीच्या हातून बिघडलं. पोराच्या हातून बिघडो का पाहुण्याच्या. गिऱ्हाइकापुढं नावं सांगत बसते त्याले मिस्त्री नाई म्हणत, गवाह म्हणते.’

मी म्हणालो की हे मला मान्य नाही. मी त्या वयातही असाच होतो. ज्याची चूक त्याची, आणि ती त्याच्या तोंडावर सांगावी, असे मी म्हणालो, आणि बरेच मोठ्याने म्हणालो.

‘मंग जाय त्याच्यासंगं,’ बाबा म्हणाले. ‘हापिसात चालते तसं. तिथं ज्याची त्याची सही असते. अथी राह्यचं असन तं हे घेऊन राह्य. आता मिस्त्री तू होशीन. मले दिसत नाई, काल सांगतलं ना सगळ्याइले.’

छपराखाली कामरगावच्या एका शेतकऱ्याचे पंपाचे इंजिन येऊन पडले होते. बाबा त्याच्याकडे गेले, पण पाना उचलला नाही. बाजूच्या लाकडी स्टुलावर बसले आणि मांडीवर हात ठेवून वाट पाहू लागले. कोणाची, ते मला कळत होते. दादा अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून बाहेर आला. त्याच्या पायाशी दोन पिशव्या होत्या, एक त्याची आणि एक माझी; माझी त्यानेच रात्री भरली होती, कपड्यांच्या घड्या अगदी सारख्या करून. त्याने बसची वेळ सांगितली. मी पिशवी उचलून आत ठेवली आणि पंपाचे हेड खोलायला बसलो. मायने दोघांसाठी बांधलेल्या भाकरी आणि ठेचा त्याच्या एकट्याच्या पिशवीत घातला. जाताना त्याने बाबांच्या पायांना हात लावला. बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि पांढऱ्या शर्टावर पंजाचा काळा ठसा उमटला. तो त्याला अमरावतीला पोहोचल्यावरच समजला असणार.

मी तो नियम पाळला. आयुष्यभर माझ्या छपराखाली पोरांनी नट तुटेस्तोवर आवळले, चुकीची तेले भरली, एकाने नवरदेवाच्या गाडीचे दार उलटे बसवले. गिऱ्हाइकापुढे प्रत्येक वेळी ते माझ्या हातून झालेले होते. नंतर मी त्या पोरांचा जो समाचार घेत असे तो वेगळा. या बाबतीत दादाचे नाव मी मायच्या शेवटच्या दिवसांतही तिच्यापुढे काढले नाही. दादा दर दिवाळीला येतो, बाबांच्या तसबिरीला हार घालतो, जेवणानंतर ‘मी थांबा म्हणालो म्हणून’ असे म्हणत सगळी हकीकत नातवंडांना सांगतो, आणि सांगताना त्याचे डोळे भरून येतात. कैची आपण चालवली होती हे त्याला आठवते का, की लोंबणारा दोरा कापून टाकणे ही त्याच्या लेखी कधी गोष्टच नव्हती, हे मला आजही सांगता येत नाही. मी त्याला कधी विचारले नाही, कारण मी मिस्त्री होतो.

आता नाही. गेल्या वर्षी मी गॅरेज माझ्या मुलीच्या स्वाधीन केले. गाड्यांचे शिक्षण घेऊन आलेली आहे ती, आणि तिने पहिल्याच आठवड्यात रुईचे पोते बाहेर काढले. आता छपराखालच्या चुका तिच्या आहेत, आणि ती त्या घेते. मी ऐकले आहे. मी तिथे जातो तेव्हा बसून असतो, आणि बसलेल्या माणसाला गवाह व्हायला हरकत नाही. म्हणून लिहून ठेवतो: फुंकणीत बोळा बाबांच्या हातून राहिला नाही. दोरा माझे थोरले बंधू प्रभाकर यांनी कापला. डोळे जात असलेल्या माणसाने एका बोटाने ती गाडी वाचवली, आणि दुसऱ्याची चूक स्वतःच्या डोळ्यांच्या नावावर टाकून दिली.

हे प्रकरण छापायला देण्याआधी मी दादाला दाखवलेले नाही. त्याला ते खोडून काढायचे असेल तर त्याने स्वतःचे पुस्तक लिहावे. वेळ त्याच्याकडे भरपूर आहे, अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे, आणि समोरासमोर भांडायला यायचे असेल तर अमरावतीहून सकाळची बस सोयीची पडते. जेवायला आम्ही त्याच्यासाठी थांबू.